वराह, साळुंकी आणि कळंबाची फांदी



‘कुळाचे चिन्ह’ हा विषय मी कळवला तेव्हा एका मित्राने विचारले, "राजेरजवाड्यांची गोष्ट आपल्यासारख्या कोरडवाहू माणसांना कशाला?" प्रश्न रास्त होता. पण आपल्या शेताची पहाणी हातात घेतली की तिच्यावर दोन तोंडांचा एक पक्षी दिसतो. तो गंडभेरुंड. म्हैसूरच्या वोडेयरांचे हे राजचिन्ह आता कर्नाटक राज्याचे झाले आहे. शिमोग्याकडच्या बळ्ळिगावे या गावी १०४७ साली उभारलेला गंडभेरुंडाचा एक उंच स्तंभ आजही उभा आहे. तो ज्याने उभारला त्या चामुंडरायाचे सम्राट होते कल्याणीचे चालुक्य, म्हणजे आपल्या बसवकल्याणचे. तेव्हा ही राजेरजवाड्यांची गोष्ट आपल्याच तालुक्यातून निघालेली आहे आणि पहाणीच्या कागदावरून आपल्या घरात आलेली आहे.

आधी शब्दाचे पाहू. शिलालेखांत राजकुळाच्या चिन्हाला ‘लांछन’ म्हणतात. आज आपण ‘कुळाला लांछन लावलं’ असे म्हणतो तेव्हा शिवी देतो. मूळ अर्थ नुसता खूण, डाग. चंद्रावरचा डागही लांछनच. चालुक्यांना त्यांच्या लांछनाचा अभिमान होता. बदामीच्या चालुक्यांच्या लेखांत ठरलेली प्रशस्ती येते. आम्ही मानव्य गोत्राचे, हारितीचे पुत्र, सात मातांनी आम्हांला वाढवले, कार्तिकेयाने राखले, आणि नारायणाच्या कृपेने आम्हांला वराहाचे लांछन मिळाले. ते नुसते दिसले की शत्रू नमतात. पुढे दहाव्या शतकाच्या अखेरीस तैलपाने राष्ट्रकूटांचे राज्य घेतले आणि पहिल्या सोमेश्वराने राजधानी मान्यखेटाहून कल्याणीला आणली. वराह त्यांच्याबरोबर इथे आला.

त्या काळच्या घराण्यांची ओळख एका चित्रावर भागत नसे. युरोपातल्या सरदारांची ढाल असते, तिच्यावर सिंह, गरुड, रंगांचे पट्टे असतात आणि ती पाहिली की घर कळते. आपल्याकडे ओळख पाहायची कमी आणि ऐकायची जास्त होती. भाट ती म्हणून दाखवी. तीत लांछन असे, ध्वज असे, पुढे वाजणारे वाद्य असे आणि एका गावाचे नाव असे. बनवासीच्या कदंबांचे लांछन सिंह, ध्वजावर वानर, वाद्य पेर्मट्टि. कल्याणीचे सिंहासन बळकावणाऱ्या बिज्जल कलचुरीचा ध्वज सोन्याच्या वृषभाचा, वाद्य डमरू आणि गाव कालंजर. कालंजर कुठे, तर बुंदेलखंडात. बिज्जल राज्य करतो मंगळवेढ्याहून, कल्याणीहून, पण म्हणवून घेतो कालंजरपुरवराधीश्वर. कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर.

यातले मला सर्वांत जवळचे वाटते ते राष्ट्रकूटांचे बिरुद, लत्तलूरपुरवराधीश्वर. लत्तलूर म्हणजे लातूर. हे लोक राज्य करत होते मान्यखेटाहून, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडहून. कन्नडमधला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ ‘कविराजमार्ग’ त्यांच्याच दरबारातला, अमोघवर्षाच्या काळचा. लातूरचे नाव लावणाऱ्या घराने कन्नडला तिचा पहिला काव्यशास्त्राचा ग्रंथ दिला. १९५६ साली भाषावार रेघ आखताना हैदराबाद राज्याचा बिदर जिल्हा फाडला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. ही रेघ राष्ट्रकूटांच्या बिरुदाच्या बरोबर मधून जाते. त्यांचे मूळ गाव महाराष्ट्रात राहिले, राजधानी कर्नाटकात.

पुरवराधीश्वर हा आपल्या ‘कर’चा थोरला भाऊ आहे, असे मला नेहमी वाटते. गाव सुटून पिढ्या लोटल्या तरी माणूस नाव लावतोच. पुण्यातल्या हुमनाबादकरांना विचारा, हुमनाबाद पाहिलंय का? बहुतेक म्हणतील, माणिकप्रभूंच्या दर्शनाला एकदा आलो होतो.

आता जरा अडचणीचा प्रश्न. या चिन्हांवरून वंश सिद्ध होतो का? कल्याणीच्या चालुक्यांपुरते उत्तर त्यांच्याच लेखांत सापडते. बदामीच्या लेखांत नसलेली गोष्ट कल्याणीच्या लेखांत एकाएकी येते. आमच्या कुळातल्या एकोणसाठ राजांनी अयोध्येत राज्य केले आणि मग आम्ही दक्षिणेत उतरलो, अशी. विक्रमादित्य सहावा (१०७६–११२६) याच्या पदरी काश्मीरहून आलेला बिल्हण कवी ‘विक्रमांकदेवचरित’ात तिसरीच गोष्ट सांगतो. ब्रह्मदेवाने संध्येसाठी ओंजळीत पाणी घेतले, त्या ‘चुलुका’तून वीर निघाला, म्हणून चुलुक्य. एकाच घराच्या या इतक्या उत्पत्ती आहेत आणि प्रत्येक त्या त्या काळच्या गरजेने आली आहे. राज्य मोठे झाले की आजोबाही मोठे लागतात.

वराहाचेही तसेच. चालुक्य गेले तरी वराह राहिला. काकतीयांनी घेतला, विजयनगरच्या राजांनी घेतला. या सर्वांचे रक्त एक होते असे कोणी म्हणत नाही. वराह हा सत्तेचा शिक्का झाला होता आणि ज्याच्या हाती सत्ता तो तो शिक्का उचलत होता. पुढे तर दक्षिणेत सोन्याच्या नाण्यालाच ‘वराह’ म्हणू लागले. ज्याला मराठी कागदांत होन म्हणतात, तेच नाणे. कुळाचे चिन्ह बाजारात गेले आणि कुळ विस्मरणात.

बहमनींकडे फार वेळ थांबत नाही, पण त्यांना टाळून कलबुर्गी-बिदरची गोष्ट होत नाही. १३४७ साली गादीवर बसलेल्या हसनने स्वतःला इराणच्या पुराणातल्या बहमन राजाच्या वंशात जोडून घेतले. फरिश्त्याने मात्र गंगू ब्राह्मणाची कथा लिहून ठेवली आणि आपल्याकडे तीच जास्त चालली, कारण ती जास्त गोड आहे. बिदरच्या किल्ल्यात तख्त महालाच्या कमानीवर पाठीशी उगवता सूर्य घेतलेला वाघ आहे. ज्याला आपण शर्झा दरवाजा म्हणतो, त्याच्यावर दोन वाघ कोरलेले आहेत. मुधोळच्या घोरपड्यांनी जपलेल्या फर्मानांत १४७१ चे एक आहे, ते याच बहमनी दरबाराचे. भोसल्यांच्या एका वीराने घोरपडीच्या साहाय्याने खेळणा किल्ल्याची भिंत चढली, म्हणून त्याला ‘राजा घोरपडे बहादूर’ किताब मिळाला. या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत वाद आहे. पण एक जीव आडनाव कसा होतो आणि आडनाव घराची निशाणी कसे होते, याचे इतके सरळ उदाहरण दुसरे नाही. आणि १९४८ पर्यंत आपल्या कचेऱ्यांवर जो पिवळा झेंडा होता, त्यावर मधोमध गोल होता तो कुलच्याचा. औरंगाबादच्या निजामुद्दीन अवलियांनी पहिल्या असफजाहाला पिवळ्या कापडातून रोटी दिली, त्याने सात खाल्ल्या, म्हणून सात पिढ्या राज्य, अशी आख्यायिका. वाघसिंहांच्या गर्दीत रोटी मला फार आवडते. निदान तिला माणसाच्या हाताचा वास आहे.

संस्थानिकांच्या ढालींबद्दल एवढेच सांगतो की त्यांतल्या बऱ्याचशा एका माणसाने बसून आखलेल्या आहेत. १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या मुलकी अधिकाऱ्याने सुमारे नव्वद संस्थानांची चिन्हे तयार केली, ती निशाणांवर भरली आणि राजांना वाटली. आज आपण ज्यांना शेकडो वर्षांची कुलचिन्हे समजतो त्यांतल्या पुष्कळांचा जन्म हा असा आहे. आधार जुन्या कथांचा घेतला, मांडणी इंग्रजी केली.

आता दरबार सोडून घरात येऊ.

आपल्याकडे लग्न ठरवताना चार गोष्टी विचारतात, कूळ काय, देवक काय, कुलस्वामी कोणता, पाहुणे कुठले. यातले ‘देवक’ हे माझ्या मते आपले खरे कुलचिन्ह. ते कुठे रंगवलेले नसते. दारावर नसते, अंगठीवर नसते. एरवी वर्षानुवर्षे त्याची कोणाला आठवणही नसते. लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र घरातले एक जोडपे, उपरण्याला पदराची गाठ मारून, वाजतगाजत झाडाकडे जाते. झाडाला हळदकुंकू लावतात, नैवेद्य दाखवतात, मगच फांदी तोडतात. मारुतीच्या देवळात थांबून ती फांदी मांडवात येते आणि मुहूर्तमेढीला बांधतात. कुंभाराच्या घरून मडकी येतात. देवक बसले की ते उठेपर्यंत घराला सोयरसुतक लागत नाही, असे मानतात. म्हणजे कार्य होईपर्यंत ते घर मृत्यूच्याही हिशेबाबाहेर असते.

देवक कशाचे असते? कळंब, उंबर, रुई, वासनवेल अशा झाडावेलींचे. कमळ, केतकी अशा फुलांचे. मोराचे पीस, साळुंकीचे पीस, शंख, हळद, सोने. बऱ्याच घरांत पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पाने. ज्याचे देवक जे झाड, त्याने ते सरपणाला तोडायचे नाही, त्याच्या पानावर जेवायचे नाही. आणि मुख्य नियम असा की एक देवक असलेल्या दोन घरांत सोयरीक होत नाही. आडनावे वेगळी असोत, गावे शंभर कोस लांब असोत, एकमेकांची तोंडे कधी पाहिलेली नसोत. देवक एक निघाले की ती दोन मुले बहीणभाऊ झाली. बैठक तिथेच मोडते, चहा पिऊन माणसे उठतात आणि जाताना एकमेकांना ‘भाऊ’ म्हणतात.

दरबारचे चिन्ह आणि घरचे चिन्ह यांतला फरक मला इथे दिसतो. वराह पाहून शत्रूने नमायचे होते. कळंबाची फांदी पाहून कोणी नमत नाही. ती घरातल्यांसाठीच असते आणि अनोळखी माणसात आपला भाऊ कोण एवढेच सांगते.

आर. ई. एन्थोवेन यांनी १९२० ते १९२२ या काळात मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवर तीन खंड प्रसिद्ध केले, त्यांत देवकांच्या याद्या आहेत. इरावती कर्वे यांनी मराठी समाजाच्या अभ्यासात देवकाला मोठी जागा दिली. या नोंदींतून एक गोष्ट डोळ्यांत भरते. देवक ही काही शहाण्णव कुळींची मिरास नव्हे. मराठा-कुणब्यांत आहे, तसे धनगरांत, कोळ्यांत, महारांत आणि आणखी कितीतरी समाजांत आहे. तेच कळंब, तोच उंबर, तेच मोराचे पीस. एकाच झाडाला मानणारी घरे गावाच्या चारी दिशांना राहत होती आणि एकमेकांच्या पंगतीला बसत नव्हती. देवक एक म्हणून लग्न नको, हे त्यांना ऐकू येई. देवक एक म्हणून भाऊबंद, हे मात्र जातीच्या वेशीपाशी येऊन थांबे.

आता नावांची गंमत पाहा. साळुंख्यांच्या कितीतरी घरांत देवक साळुंकीचे पीस. मोऱ्यांचे मोराचे. कदमांचे कळंब. पवारांचे तरवारीची धार, कारण पवार माळव्यातल्या धारचे! चारांपैकी तीन ठिकाणी हा कानाचा खेळ आहे. आपल्या बसवकल्याणमध्ये येणारा पाहुणा हमखास सांगतो की साळुंखे म्हणजे चालुक्य. असतीलही. पण साळुंकीचे पीस त्याचा पुरावा होत नाही. साळुंकीला कन्नडमध्ये ‘गोरवंक’ म्हणतात. कल्याणीच्या चालुक्यांचे बहुसंख्य लेख कन्नडमध्ये आहेत आणि त्या भाषेत चालुक्य आणि गोरवंक यांची काही गाठ पडत नाही. नावाचे ‘साळुंखे’ झाल्यावर, म्हणजे ते मराठी तोंडात नीट घोळल्यावरच ते पाखरू घरात आले असणार. तेव्हा साळुंकीचे पीस वंशाबद्दल काही सांगत असो वा नसो, भाषेबद्दल नक्की सांगते. ज्या घरात ते देवक म्हणून बसले, त्या घरात त्या दिवशी मराठी बोलत होते.

कदमांची गोष्ट वेगळी आहे. शिमोग्याकडच्या ताळगुंद इथल्या पाचव्या शतकातल्या शिलालेखात कदंब घराणे स्वतः सांगते की आमच्या घराजवळ एक कदंबाचे झाड होते, आम्ही त्याची निगा राखत होतो, म्हणून आमचे हे नाव पडले. किती साधी गोष्ट आहे ही! अयोध्या नाही, ओंजळीतला वीर नाही. दारचे झाड आणि त्याला पाणी घालणारी माणसे. याच घराने पुढे राज्य मिळवले आणि मुद्रेवर सिंह घेतला. झाड घरात राहिले, सिंह दरबारात गेला. आज सिंहाच्या मुद्रा वस्तुसंग्रहालयांत आहेत आणि कळंबाची फांदी दर लग्नसराईत मांडवात येते. आजचे कदम त्या कदंबांचे वंशज आहेत असा माझा दावा नाही. मधल्या पिढ्या जोडणारा कागद कोणाकडे नाही. शिवाय आपल्याकडे ‘कळंब’ हे नाव एकाहून अधिक झाडांना चालते आणि फांदी नेमकी कशाची आणायची यावर मांडवात म्हाताऱ्यांची हुज्जतही होते. तीही मी वारशातच धरतो.

वंशजोडणीचा मोह थोरामोठ्यांनाही सुटला नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांचे नाते उदयपूरच्या सिसोदियांशी जोडणारी वंशावळ पुढे आली. त्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी, २००१ साली, डॉ. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरच्या ग्रंथात वेगळी मांडणी केली. भोसल्यांचे मूळ त्यांनी होयसळांशी संबंध असलेल्या, सोरटूरहून आलेल्या बळियप्पाशी, म्हणजे कन्नड प्रदेशाशी जोडले. त्यावर पुष्कळांना राग आला, अजूनही येतो. मला स्वतःला ढेऱ्यांची सगळी साखळी पटलेली नाही. काही दुवे नावांच्या सारखेपणावर टांगलेले आहेत, आणि मघा साळुंकीला लावलेला निकष मी बळियप्पालाही लावीन. पण राग कशाचा येतो, ते मला कळत नाही. राजस्थानातला पूर्वज चालतो आणि गदगजवळचा चालत नाही? आपण तर त्याच खंडोबाला मानतो ज्याला शेजारी मैलार मल्लण्णा म्हणतो. भालकीजवळच्या खानापूर-मैलारला जत्रेत भंडारा उधळताना कोणी कोणाची मातृभाषा विचारत नाही.

कन्नड घरांतही देवकाची भावंडे आहेत. लिंगायत, कुरुब अशा समाजांत ‘बेडगु’ असतात, एका बेडगुत लग्न होत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात ‘बळी’ म्हणतात, आणि त्या प्राण्यांच्या, झाडांच्या नावांच्या असतात. ज्याची बळी सांबराची, त्याने सांबर मारायचे नाही. म्हणजे भाषेची रेघ कुठेही ओढा, या चालीला ती दिसत नाही.

दुसरी एक चालही रेघ ओलांडते, मामाच्या मुलीशी लग्नाची. बौधायनाच्या धर्मसूत्रात दक्षिणेकडचे आचार म्हणून जे पाच मोजले आहेत, त्यांत हा आहे. आपल्या भागात मामाची मुलगी हक्काची, आणि कन्नड घरांत तर भाचीही. उत्तरेकडचा पाहुणा कानांवर हात ठेवतो, पण देवकाच्या हिशेबात त्यात काहीच चुकत नाही. देवक बापाचे चालते. मामाचे देवक वेगळे, म्हणून मामाची मुलगी परकी, आणि शेकडो कोसांवरचा, कधी न पाहिलेला एकदेवकी माणूस भाऊ. इथे देवकाची मर्यादा उघडी पडते. देवक आईला मोजत नाही. मुलगी सासरी गेली की तिचे देवक बदलते. पन्नास वर्षे ज्या घरात ती राबली तिथल्या मांडवात तिच्या माहेरच्या झाडाचे पानही येत नाही. आजीचे देवक काय होते, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हात वर करायला सांगत नाही.

आईला मोजणारा माणूस याच मातीत होऊन गेला. विज्ञानेश्वर त्याचे नाव. विक्रमादित्याच्या काळात त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातले मर्तूर हे त्याचे गाव मानतात. वारसाहक्काचा मिताक्षरा कायदा म्हणून आपण जे ऐकतो, जो बंगाल सोडून जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानात चालला, तो हाच. १८१० साली कोलब्रुकने त्यातल्या दायभागाच्या प्रकरणाचे इंग्रजी भाषांतर केले आणि मग न्यायालये त्यावर चालली. आपल्या कामाचा आहे तो त्याचा ‘सपिंड’ शब्दाचा अर्थ. इतरांच्या मते सपिंड म्हणजे एकाच पिंडदानाचे वाटेकरी. विज्ञानेश्वर म्हणतो, पिंड म्हणजे देह. ज्यांच्यात एकाच देहाचे अंश आहेत ते सपिंड. बापाच्या देहाचे अंश मुलात आहेत, बापाकडून आजोबाचे आहेत, तसेच आईचे आहेत, आईकडून तिच्या बापाचे आहेत, म्हणून मामा आणि मावशीही सपिंड.

पुढे तो जे म्हणतो, त्यासाठी खरे तर मी आज इथे उभा आहे. त्याच्या पुढे अडचण येते की असे मोजत गेले तर थांबायचे कुठे? हा संसार अनादी आहे. त्यात कसे ना कसे प्रत्येकाचे प्रत्येकाशी देहाचे नाते निघणारच. मग लग्न कोणी कोणाशी करायचे? म्हणून मर्यादा घालावी लागते, आईकडून पाच पिढ्या, बापाकडून सात. लक्षात घ्या, नाते संपते म्हणून ती मर्यादा नाही. नाते संपतच नाही, म्हणून मोजणे थांबवावे लागते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती रेघ आणखी आत आणली, बापाकडून पाच आणि आईकडून तीन, आणि रूढी असेल तिथे रूढीला मोकळीक ठेवली. आपली मामाची मुलगी त्या मोकळिकीत बसते.

एकोणसाठ राजांची वंशावळ दरबारात वाचली जात असताना त्याच राज्यात बसून एक पंडित हे लिहीत होता, याचे मला फार नवल वाटते.

आणि पुरती दोन पिढ्याही गेल्या नाहीत तोच त्याच कल्याणीत, बिज्जलाच्या राज्यात, बसवण्णांच्या शरणांनी कुळाचा प्रश्न थेट लग्नाच्या मांडवात नेला. चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचे लग्न झाले. दोघाही बापांना हालहाल करून मारले, शरण पांगले, कल्याण उजाड झाले, हे आपल्याला माहीत आहे. विज्ञानेश्वराने कागदावर मान्य केलेले नाते शरणांनी पंगतीत आणि मांडवात मागितले, एवढाच फरक. आज बसवकल्याणला गेलात तर किल्ल्यावर चालुक्यांची आठवण सांगणारे भेटतील, पण गावाच्या नावात बसवण्णा आहेत.

आता थोडे आजचे. अलीकडे लग्नाच्या पत्रिकांवर ढाली-तलवारी, मुकुट, दोन बाजूंना सिंह, खाली संस्कृत ब्रीद असे चिन्ह छापलेले दिसते. छापखान्यात तयार नमुने असतात, आडनाव सांगितले की चिन्ह मिळते. एकाच महिन्यात दोन वेगळ्या आडनावांच्या पत्रिकांवर मी तोच सिंह पाहिला, रंग तेवढा बदललेला. मी कोणाला हसत नाही. टेलरसाहेबाने संस्थानिकांना जे दिले, तेच छापखाना आपल्याला देतो, आणि तेही पुष्कळ स्वस्तात. मला खटकते ते वेगळेच. पत्रिकेवर सिंह आला आणि मांडवातली फांदी गेली. मंगल कार्यालयात झाड कुठून आणणार? ‘देवक’ म्हणून पूजेच्या दुकानातून पानांची तयार जुडी येते. कशाची पाने आहेत, ते भटजींना विचारावे लागते, आणि भटजी म्हणतात, "पंचपल्लव समजा."

फांदीबरोबर तिचा नियमही गेला तर त्याबद्दल मी फारसे दुःख करणार नाही. एकदेवकी दोन मुलांनी लग्न केले तर आकाश कोसळत नाही, विज्ञानेश्वराच्या पिढ्या कधीच ओलांडलेल्या असतात. माहिती जाते, ती मात्र परत येणार नाही. म्हणून या परिषदेला माझी एक विनंती आहे. प्रत्येक तालुक्यातल्या पाच-दहा गावांत जाऊन देवकांची नोंद करावी. सगळ्या जातींची करावी, मराठी घरांची आणि कन्नड घरांचीही, तिथे बेडगु लिहून घ्यावा. देवकाचे झाड गावात आहे का, नसेल तर फांदी कुठून आणतात, त्या झाडाला गावात काय म्हणतात, आणि कन्नडमध्ये काय, हे विचारावे. आडनाव आणि देवक यांचा कानाचा खेळ कुठे जमतो, कुठे जमत नाही, ते पाहावे. जिथे जमत नाही ती नोंद जास्त मोलाची, कारण तिथे नावाआधीचे काहीतरी शिल्लक असण्याची शक्यता आहे.

आणि नोंदवहीत एक रकाना आईच्या देवकाचा ठेवावा, एक आजीच्या. ते पुरुषांना विचारून भरता येणार नाहीत. त्यासाठी आमच्या भगिनींनी जावे, दुपारच्या वेळी, जवारी निवडत बसलेल्या म्हाताऱ्यांपाशी. त्यांना माहेरचे झाड नक्की आठवते.